सातवा सुरुंग

आमच्या घरी भांडं पडलं तर कुणी मान वळवूनही पाहत नसे. अमरावतीला राजापेठेत खाली बाबांचं भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही, असं आमचं राहणं. पितळेच्या घागरी, तांब्याचे गुंड, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली आणि नुकतंच बाजारात शिरलेलं स्टील, सगळं छतापर्यंत एकावर एक रचलेलं. सकाळी शटरच्या खडखडाटाने दिवस सुरू होई. मग ओट्यावर बसलेला कारागीर ताटावाट्यांवर छिन्नीने नावं घालायला लागे. वर चुलीपुढे आईची भाकर थापणं चालू असे, आणि कितीदा तरी तिची थाप आणि खालची छिन्नी एकाच चालीत पडत. आई सांगायची, मी पाळण्यात होते तेव्हा दुकान चालू असलं की गाढ झोपायची आणि शटर खाली आलं की भोकाड पसरायची. आवाज आमच्याकडे हवेसारखा होता. तो आहे हेही कुणाच्या लक्षात येत नसे.

बाबा तर आवाजाचे शौकीनच. बोलायचे तेही असे की समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक थबकावं. दरवर्षी लक्ष्मीपूजन झालं की ते दुकानातलं सर्वांत मोठं पातेलं रस्त्यावर उपडं घालायचे, त्याखाली सुतळी बॉम्ब ठेवायचे आणि सगळी गल्ली जमली की वात पेटवायचे. पातेलं आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उडायचं आणि घणघणत खाली यायचं. लोक टाळ्या पिटायचे. मला त्या पातेल्याचं फार अप्रूप होतं. एवढं जड भांडं आवाजावर बसून वर जातं, हे मला चमत्कारासारखं वाटायचं.

मी पंधरा वर्षांची होते, मॅट्रिकच्या वर्गात. त्या दिवाळीला बाबा ओरडले, "विजू, उदबत्ती आण वं!" मी देवापुढची पेटती उदबत्ती नेऊन दिली. वात आखूड होती की काय झालं कोण जाणे, मी अजून वळलेही नव्हते. पातेलं तिरपं उडून माझ्या डाव्या अंगाने गेलेलं मी पाहिलं. आवाज ऐकल्याचं मात्र मला आजही आठवत नाही. आठवते ती शांतता. समोर माणसं टाळ्या वाजवत होती, हसत होती, बाबांचं तोंड उघडत-मिटत होतं, आणि कशाचाच आवाज नव्हता. मी वेड्यासारखी पाहतच राहिले. सकाळी ऐकू यायला लागलं. आधी आईची हाक, मग शटर, मग छिन्नी. सगळे आवाज आपापल्या जागी परत आले, आणि त्यांच्या मागे एक बारीक, सलग, न थांबणारा सूर उरला. तो डाव्या कानात होता. हे लिहिताना, एवढ्या वर्षांनंतर, आताही आहे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा शाबूत आहे, आतल्या नसेला मार बसला असावा, औषध नाही, सवय होईल. बाबांनी त्यातलं 'पडदा शाबूत आहे' एवढंच ऐकलं. "तुले काही झालं नाई. मनातलं हाये सारं," ते म्हणाले, आणि त्यानंतर हा विषय निघाला की ते उठून दुकानात जात. तेव्हा मला त्यांचा राग येई. ते कशापासून उठून जात होते हे कळायला मला फार उशीर लागला.

पण खरा त्रास त्या सुराचा नव्हता. दिवसाच्या गलबल्यात तो कुठल्या कुठे दडून जाई. त्रास होता तो अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाचा. एखादं ताट फरशीवर पडलं की कुणीतरी कानाच्या आतून कानशिलात मारावं तसं होई. छाती धडधडे, आणि तो बारीक सूर एकदम चढून तास-तासभर खाली येत नसे. त्याहून वाईट म्हणजे दोन आवाजांच्या मधला वेळ. आता काय पडेल, आता कोण ओरडेल, याची मी सारखी वाट पाहत असे. आणि राहायची कुठे, तर भांड्यांच्या दुकानावर. आईने गुपचूप ताटांच्या मधे जुन्या लुगड्याचे तुकडे घातले, बाबांनी ते काढून टाकले. गिऱ्हाइकाला भांडी जुनी वाटतात म्हणाले. मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून, डोक्यावर गोधडी घेऊन मागच्या खोलीत बसायला लागले. आता माझी नात डॉक्टर आहे. ती सांगते, अगदी तेच करू नये, कान जितका झाकावा तितका तो हळवा होतो. तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता, आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर टांगलेला. शिपाई त्यावर लोखंडी कांब हाणायचा. मी आधी घंटेच्या पाच मिनिटं अगोदर वर्गाबाहेर जायला लागले, मग अर्धी शाळा बुडवायला, आणि संक्रांतीनंतर जाणंच सोडलं. मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली, की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. बाबा खूप ओरडले. ते ओरडत असताना मी कान धरून खाली बसले. ते पाहून ते मधेच थांबले आणि जिना उतरून गेले. त्याच आठवड्यात आईने मला अकोल्याला कमलमावशीकडे पाठवायचं ठरवलं. "दहा दिवस राह्य. जरा निवांत वाटंल," एवढंच ती म्हणाली.

अकोल्याच्या त्या दोन खोल्यांच्या घराची मला पहिल्याच दिवशी गंमत वाटली, आणि मग हळूहळू तिचं कोडं पडलं. मावशी फोडणीत मिरची टाकायच्या आधी म्हणायची, "टाकतो वं." आमच्याकडे बायकाही 'जातो, टाकतो'च म्हणतात. दार लावायच्या आधी म्हणायची, "लावतो." खलबत्त्यात ठेचा कुटायला घेताना दाराकडे तोंड करून, "कुटतो आता." अंगणात बसलेल्या मावसाजींशी बोलायचं असेल तर मागून हाक न मारता समोर जाऊन उभी राहायची. त्या घरात आवाज सांगून येत होते. मला वाटलं, माझ्यासाठी चाललंय हे सगळं, आईने कळवलं असेल. पण मावशीच्या हालचालीत नवं असं काहीच नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखं ते चाललं होतं.

मावसाजी विहिरींचे सुरुंग उडवायचे. उंच, वाळकी काठी, बोलणं थोडं, आणि बोटांना सुरुंगाच्या दारूचा करपट वास. तिसऱ्या दिवशी दुपारी ते खाटेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते, मी खाली बसून खात होते. शेजारी कुणाच्या तरी छपरावरचा पत्रा धाडकन खाली पडला. माझ्या हातातल्या शेंगा उडाल्या आणि मी दोन्ही हातांनी कान दाबले. मी हात काढेपर्यंत मावसाजी थांबले.

"कोणत्या कानात हाये?" ते म्हणाले.

"काय?"

"रातकिडा."

"डाव्या," मी म्हटलं.

"माह्या दोन्हीत हाये. वीस-बावीस वर्सं झाली."

मी रडायला लागले. मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की अख्ख्या जगात आतून आवाज येणारं माणूस मी एकटीच. समोर बसलेल्या या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातही आत्ता, याच क्षणी, तसाच एक सूर चालू आहे आणि तो शांतपणे शेंगा सोलतोय, हे मला प्रचंड वाटलं.

"कधी बंद होते?" मी विचारलं.

"नाई होत," ते म्हणाले, किती वाजले ते सांगावं इतक्या साधेपणाने. आणि नवल म्हणजे मला त्याने हायसंच वाटलं. दिवाळीपासून मला कुणी सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांनी मला जे शिकवलं ते बसून, धडा दिल्यासारखं नव्हे. जाता-येता, अर्ध्या वाक्यात. माझ्या कानातला कापूस त्यांनी पहिल्यांदा काढायला लावला. "कापूस कामावर. घरात नाई. दिवसभर बोळे घातले तं कान उपाशी राह्यते, मंग उंदीर पळाला तरी तोफ वाटते." अगदी गप्प खोलीत बसू नको म्हणाले, माझ्या खाटेजवळ त्यांनी रेडिओ आणून ठेवला, ऐकू येईल न येईल इतका बारीक. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, म्हणून ती मला त्यांच्याच शब्दांत आठवते. "दचकणं आपल्या हाती नाई, पोरी. दचकल्यावर काय करायचं थे आपल्या हाती हाये. आवाज आला का तू त्याच्यापासून पळते. पळू नको. त्याच्याकडे पाह्य. कोण हाये, कुठून आला, काय पडलं. मंग दात सोड, खांदे पाड, श्वास बाहेर टाक. आतला रातकिडा वर चढंल, चढू दे. त्याले खाली ओढाले जाऊ नको. आपल्या पायानं उतरते थो."

मी करून पाहिलं. पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्याही नाही. पण मावशीच्या हातून परात निसटली तेव्हा मी पहिल्यांदा त्या परातीकडे पाहिलं. परात गोल फिरत फिरत भिंतीशी जाऊन बसली. एवढीशी परात! सूर चढला, आणि पोळ्या व्हायच्या आत उतरलाही.

आठव्या दिवशी मावसाजी म्हणाले, "उद्या माह्यासंगं चाल. सुरुंगावर."

मावशी भडकली. "आवाजानं बेजार झालेल्या पोरीले तुमी सुरुंगावर नेता? डोकं फिरलं का तुमचं?"

"म्हणूनच नेतो," मावसाजी म्हणाले. "तिथं आवाज सांगून येते."

अकोल्यापासून आत एका गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीची विहीर चालली होती. वस्तीतल्याच लोकांनी पाळीपाळीने खणून चार पुरुष, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल नेली होती. वर काळी माती, मग मुरूम, आणि तळाशी काळा पाषाण. पाण्याचा पत्ता नव्हता. मावसाजी आणि त्यांची चार माणसं सकाळपासून तळाशी पहारीने भोकं पाडत होती. त्यातला बळीराम म्हणून जो मुकादम होता, तो मला पाहून कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पोरीचं काय काम इथं?" मावसाजींनी मला काठावर नेऊन खाली दाखवलं. "मोज. किती भोकं हाये?" सात होती. "सात आवाज होतील. आठवा नाई होणार. मी बोंब मारल्याबिगर पहिला नाई होणार. तू लिंबाखाली बस, कापूस घाल, वरून हात ठेव. आन मोज. सात झाले का संपलं."

कडुलिंबाचं ते झाड तिथून चांगलं तीन शेतं लांब होतं. मी जाऊन बसले, वस्तीतल्या बायका माझ्या आजूबाजूला बसल्या. विहिरीच्या तोंडावर लाकडं आणि बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकलेले दिसत होते. लाल फडकं लावलेली काठी रोवलेली होती. मग मावसाजींची आरोळी आली, "सुरुंग हाये होऽऽऽ!" आणि ते आणि बळीराम वाकून धावत निघाले.

पहिला आवाज मला कानाने आधी कळला नाही, तळपायांनी कळला. जमीन जरा उचलल्यासारखी झाली आणि मग तो आला. मी दचकले. पण पाहिलं. बाभळीचे फास वर उठून परत बसले, खाली काहीतरी प्रचंड कूस बदलत असावं तसे. दोन. तीन. मी कानावर दाबलेल्या हाताचं एकेक बोट मिटत होते. चार, पाच, सहा. माझा सूर इतका चढला होता की सुरुंगाखेरीज दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी मी मोजत होते. मग मी सातव्याची वाट पाहत बसले. दात आवळून, अंग चोरून. बायका उठल्या, पदर झटकायला लागल्या. मी तशीच बसलेली.

मावसाजी लांबून हात करून बोलावत होते. मी गेले तर बळीराम विहिरीकडे निघालेलाच. "सात झाले भाऊ. शेवटचे दोन जोडून उडाले," तो म्हणाला. दुसरे म्हणाले, हो, सात. मावसाजी म्हणाले, "मले तं पाचानंतर सारं एकच आयकू येते." मग माझ्याकडे वळून, "पोरी, किती?"

"सहा."

"इचार करून सांग."

"सहाच, मावसाजी. मी अजून सातव्याची वाट पाहून राह्यली."

बळीराम हसला, पण चिडून. "पोरीच्या म्हणण्यावर दिवस वाया घालवता?" उपटलेली लाल फडक्याची काठी मावसाजींनी पुन्हा जमिनीत रोवली आणि म्हणाले, "आज कोणी उतरणार नाई."

त्या संध्याकाळी मावशीने माझ्यासाठी कढी-गोळे केले होते. मी गोळे नुसते ताटात इकडून तिकडे सारत होते. मी चुकले असले तर? माझ्या कानाचा काय भरवसा? ज्या कानात नसलेला आवाज चोवीस तास ऐकू येतो, त्याच्या शब्दावर इतक्या माणसांचं काम थांबलेलं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मावसाजी ताटातून मान वर न करता म्हणाले, "तू चुकली असशील तं एक दिवस गेला. थे चुकले असतील तं एक माणूस गेला असता." आणि मावशीला माझ्या ताटात वाढायला लावलं.

सकाळी ते एकटे दोराने खाली उतरले. बराच वेळ काही हालचाल नाही. वर आले तेव्हा त्यांच्या तळव्यावर वातीचा एक तुकडा होता, अर्धा जळून विझलेला. बाकीची अर्धी वात अजून भोकात होती आणि त्याखाली दारू. बळीरामने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. दगड फोडायला पहार घेऊन पहिला उतरणारा तोच असतो. मला त्या वेळी अभिमान वगैरे काही वाटला नाही. मी काही शूरपणा केला नव्हता, मी नुसती भ्यालेली होते, आणि भिऊन कान लावून बसले होते.

मावसाजींनी जरा बाजूला नवं भोक घेतलं, त्यात सगळी दुपार गेली. मी लिंबाकडे निघाले तेव्हा बळीराम मागून लांब वळसा घालून माझ्या समोर आला आणि मगच बोलला. "ताई," तो म्हणाला. मी पंधरा वर्षांची, तो माझ्या बाबांच्या वयाचा. "ताई, कापूस घातला ना?"

तो सुरुंग मी उभी राहून पाहिला. आधी तळपायांना हादरा, मग विहिरीच्या तोंडावरचा सगळा काट्यांचा ढीग अलगद वर उठला, क्षणभर हवेत थांबला असं वाटलं, आणि आवाज माझ्यातून आरपार निघून गेला. मी दचकले. दात सोडले, खांदे पाडले. कानातला सूर शिट्टीसारखा चढला आणि मी त्याला चढू दिलं. धूर विरळ झाल्यावर मावसाजी काठावर गेले, ओणवे झाले, आणि मग त्यांनी डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं. आम्ही धावत गेलो. तळाशी काळा पाषाण उभा चिरला होता आणि त्या चिरेतून मनगटाएवढं पाणी उसळून वर येत होतं. कुणीच ओरडलं नाही. बायका काठावर गुडघे टेकून बसल्या. खालून, चार पुरुष खोलातून, पाण्याचा आवाज येत होता, आणि माझ्या कानातला सूरही चालू होता. दोन्ही मला वेगवेगळे, लख्ख ऐकू येत होते. हजारो वर्षं दगडाच्या पोटात बंद असलेलं पाणी पहिल्यांदा आवाज करत होतं आणि तो ऐकायला मी तिथे होते. आयुष्यात मी बरंच काही ऐकलं, पण तसं काही पुन्हा ऐकलं नाही.

पुढचं थोडक्यात. मी शाळेत परत गेले. शिपायाला सांगितलं, घंटा वाजवायच्या आधी खिडकीतून मला हात दाखवत जा. तो निवृत्त होईपर्यंत दाखवत राहिला म्हणे, मी शाळा सोडल्यावरही, सवयीने. परीक्षा दिली, पास झाले, शिक्षिका झाले, आणि तीस वर्षं पोरांच्या गलक्यात काढली. आजही लग्नाच्या वरातीतला डीजे खिडकीखालून गेला किंवा कुणी मोटारसायकलचं सायलेन्सर काढून फटफट करत गेलं की मी दचकते. मग खिडकीशी जाऊन पाहते, कोण आहे. रस्त्यावर जायचं तर पर्समध्ये कानाचे बोळे असतात, घरात मात्र घालत नाही.

पण सांगायचं राहिलं ते परतीचं. मला न्यायला बाबा स्वतः आले. मावसाजींशी ते अंगणात बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. अमरावतीची एसटी पकडली, मला खिडकीशी बसवलं आणि ते शेजारी बसले. अकोला मागे पडलं तरी एक शब्द नाही. बाबा आणि गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी खाली पाहत विचारलं, "आता बी येऊन राह्यला का थो आवाज?"

"हाव."

"मी बोलून राह्यलो तरी?"

"हाव, बाबा."

त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. "पातेलं म्याच उडवलं होतं," ते म्हणाले. एवढंच. पुढे कितीतरी वर्षं ते जगले, पण त्याबद्दल दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि मलाही ते लागलं नाही.

"कसा येते?" त्यांनी विचारलं. "मले दाखव."

मी आजूबाजूला पाहिलं. बस भरलेली. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि घशातून जमेल तितका बारीक सूर काढला. बाबांनी डोळे मिटून ऐकला. मग त्यांनी, ज्यांच्या नुसत्या हाकेने फुटपाथवरचा माणूस थबकायचा त्या माझ्या बाबांनी, ओठ मिटून अगदी हळू तो सूर लावून पाहिला.

"असा?"

"नाई, बाबा. याच्याहून बारीक."

त्यांनी गळा साफ केला आणि पुन्हा लावला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

"असा?"

"अजून बारीक."

मूर्तिजापूर येईपर्यंत ते प्रयत्न करत होते.